मूठ नसलेले ओझे

मनुष्याने वजन उचलण्यासाठी म्हणून जी जी साधने हेतुपुरस्सर घडविली, त्या बहुतेकांत त्याने आपल्या पंजाची सोय आधी पाहिलेली दिसते. आपल्या तालमींतील दगडी नाल घेतला, तरी त्या अवजड दगडाच्या पोकळ पोटात बोटे गुंफण्याजोगी मूठ पाथरवटाने ठेवलेली असते. करेला आणि जोडी या लाकडी मुद्गलांना निमुळती पकड असते. आणि आधुनिक व्यायामशाळेतील बारबेल तर तळहातात नेमका मावेल अशा जाडीचा पोलादी दांडाच होय, ज्याच्या दोन्ही टोकांना वजन सारखे विभागलेले असते. बलवानांच्या स्पर्धांत ज्याला ॲटलस स्टोन म्हणतात, त्या काँक्रीटच्या गोळ्याच्या ठायी यांपैकी कोणतीही सवलत नाही. त्याला कड नाही, कान नाही, खाच नाही. तो जमिनीवरून उचलून छातीच्या उंचीच्या ओट्यावर ठेवावयाचा किंवा तितक्याच उंचीच्या आडव्या दांड्यावरून पलीकडे टाकावयाचा, एवढीच शर्त असते. हौशी स्पर्धेच्या तयारीसाठी जो साधक या गोळ्याजवळ प्रथम जातो, त्याला बहुधा असा अनुभव येतो की, बारबेलवर जे वजन आपण लीलया उचलतो त्याहून कितीतरी हलका गोळादेखील हातातून निसटतो. त्याच्या पाठीत व पायांत बळ असते. परंतु ते बळ गोळ्यापर्यंत पोचविणारी मूठ त्याच्यापाशी अद्याप नसते. ती मूठ दोन्ही बाहू, छाती, पोट आणि मांड्या मिळून घडवावी लागते, आणि या विद्येचे बहुतेक सारे शिक्षण त्या घडणीतच सामावलेले आहे, असे माझे मत आहे.

दगड उचलून सामर्थ्याचा दाखला देण्याची रीत किती जुनी आहे, याची साक्ष दगडांनीच देऊन ठेवली आहे. ग्रीस देशात ऑलिंपिया येथे १४३.५ किलो वजनाचा वालुकाश्माचा एक ठोकळा सापडला असून, बायबॉन नावाच्या पुरुषाने हा दगड एका हाताने डोक्यावरून फेकला, अशा आशयाचा इ. स. पूर्व सहाव्या शतकातील लेख त्यावर कोरलेला आहे. थेरा बेटावरील दुसरा एक ज्वालामुखीजन्य शिलाखंड सुमारे ४८० किलोंचा आहे, आणि यूमास्टस नामक इसमाने तो भूमीवरून उचलला, एवढेच त्याच्यावरील लेखात नमूद आहे. पहिल्या लेखातील दाव्यावर विश्वास ठेवणे कठीण वाटते. दुसऱ्याचा दावा अधिक संयमी आहे आणि म्हणूनच मला तो अधिक मोलाचा वाटतो.

तथापि आजच्या गोळ्याची सरळ वंशावळ शोधावयाची झाल्यास स्कॉटलंड आणि आइसलंड या दोन उत्तरेकडील मुलखांकडेच जावे लागते. स्कॉटलंडमध्ये तरुण मुलाने विशिष्ट दगड उचलून दाखविला म्हणजे तो पुरुषांच्या पंक्तीस बसण्यास योग्य झाला, असा जुना रिवाज होता. तेथील ॲबर्डीनशायर परगण्यात डी नदीवर पोटार्च येथे जो पूल आहे, त्याच्याजवळ लोखंडी कड्या बसविलेले दोन दगड आहेत. एक १८८ किलोंचा व दुसरा सुमारे १४४ किलोंचा. पुलाच्या डागडुजीच्या वेळी तोलासाठी वापरलेले हे दगड डॉनल्ड डिनी या मल्लाने १८६० साली दोन हातांत धरून पुलाच्या रुंदीइतके वाहून नेले, आणि तेव्हापासून ते त्याच्याच नावाने ओळखले जातात. त्यांना कड्या आहेत, म्हणजे तेथे कसोटी मुख्यतः पंजाची आणि पाठीची. आपल्या प्रस्तुत गोळ्याशी त्यांचे नाते चुलत घराण्याचे आहे.

आइसलंडमधील दगड मात्र निखालस सख्खे. स्नेफेल्सनेस द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर, काळ्या गोट्यांच्या एका पुळणीवर, समुद्राने घासून गुळगुळीत केलेले चार दगड आजही पडलेले आहेत. सर्वांत मोठा फुलस्टेर्कुर, म्हणजे पूर्ण बळाचा, तो १५४ किलोंचा. दुसरा हाल्फस्टेर्कुर १०० किलोंचा. तिसरा हाल्फद्राइत्तिंगुर ५४ किलोंचा. आणि चौथा आमलोदी, ज्याच्या नावातच दुबळेपणाची हेटाळणी आहे, तो २३ किलोंचा. जवळच्या ड्रिटविक येथे मासेमारीचा मोठा तळ होता. वल्ही मारून उत्तरेकडील खवळलेल्या समुद्रात जाणाऱ्या नावेवर कोणास घ्यावे, हा प्रश्न तेथे करमणुकीचा नव्हता. नावेतील एक दुबळा गडी म्हणजे साऱ्या नावेच्या जिवाला धोका. तेव्हा कोणता दगड कोण कमरेइतक्या उंच खडकावर चढवितो, यावरून माणसाची पारख होई. त्याच देशात हूसाफेल येथे स्नोरी ब्यॉर्नसन या अठराव्या शतकातील पाद्र्याने आपल्या मेंढवाड्याच्या दाराशी ठेवलेली १८६ किलोंची त्रिकोणी शिळा आहे. ती छातीशी धरून मेंढवाड्याला प्रदक्षिणा घालणे ही तेथील परमावधीची कसोटी मानतात. या दगडांना एकाही कारागिराचा हात मूठ करण्यासाठी लागलेला नाही, आणि ते आधी परीक्षेचे दगड होते, खेळाचे पुढे झाले, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क प्रांतात ही कला व्यावसायिक पातळीला पोचली. तेथील लेइत्सा गावचा इन्याकी पेरुरेना हा ३०० किलोंची मर्यादा ओलांडणारा पहिला दगड-उचल्या म्हणून प्रसिद्ध आहे. बास्क लोक दगड खांद्यावर घेतात, ओट्यावर ठेवीत नाहीत. त्यामुळे त्यांचे तंत्र काही बाबतींत निराळे पडते, आणि त्याचा विस्तार येथे करीत नाही.

जागतिक बलवान स्पर्धा १९७७ साली अमेरिकेत सुरू झाली. फ्रान्समधील नीस येथे १९८६ साली जी स्पर्धा भरली, तिच्यात प्रथमच एकाहून एक जड असे पाच वाटोळे दगड ओळीने मांडून ते ओट्यांवर चढविण्याचा प्रकार ठेवण्यात आला. त्या वेळी त्यांना मॅकग्लॅशन स्टोन म्हणत. ॲटलस हे नाव मागाहून रूढ झाले. त्या वर्षीचा विजेता आइसलंडचा योन पॉल सिग्मार्सन होता, आणि उत्तरेकडील दगडांचा वारसा त्या नव्या प्रकारात उतरण्याला याहून उचित प्रारंभ मिळाला नसता. पुढे हा प्रकार बहुधा स्पर्धेच्या अखेरीस ठेवण्याचा दस्तूर पडला. गोळा ओट्यावर बसला की नाही हे दूरवरच्या प्रेक्षकालाही दिसते. पंचाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आता या गोळ्याच्या वजनाचे गणित पाहू. गोलाचे घनफळ त्याच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. परंतु त्याचा खरा अर्थ येथे अंगाला भिडतो. साध्या काँक्रीटची घनता दर घनमीटरला सुमारे २,४०० किलो धरली, तर १६ इंच व्यासाचा गोळा सुमारे ८४ किलोंचा, १८ इंचांचा १२० किलोंचा आणि २० इंचांचा १६५ किलोंचा होतो. म्हणजे १६ इंचांवरून २० इंचांवर गेले असता व्यास केवळ चतुर्थांशाने वाढतो, पण वजन जवळजवळ दुप्पट होते. शिवाय गोळा मोठा झाला की कवेत घेण्यासाठी बाहूंना अधिक लांबचा वळसा घालावा लागतो आणि छाती व गोळ्याचा गुरुत्वमध्य यांतील अंतरही वाढते. ज्याचे हात लांब त्याला येथे निसर्गाने झुकते माप दिले आहे. स्कॉटलंडच्या उत्तर भागातील इन्व्हरगॉर्डनचा टॉम स्टोल्टमन, ज्याने पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ साली जागतिक विजेतेपद मिळविले, त्याने २०२० साली २८६ किलोंचा गोळा चार फूट उंचीच्या दांड्यावरून पलीकडे टाकला. साध्या काँक्रीटचा धरल्यास अशा गोळ्याचा व्यास सुमारे ६१ सेंटिमीटर होतो. त्याच्या बाहूंचा विस्तार असामान्य आहे, हे त्याला पाहणाऱ्या कोणाच्याही ध्यानात येते. परंतु बाहू लांब असूनही पहिल्याच टप्प्यावर अडखळणारे साधक मुबलक असतात, हेही विसरता कामा नये.

गोळे ओतण्याची रीत फार अवघड नाही. दोन अर्धगोलांचा प्लॅस्टिकचा साचा घट्ट जोडून, वरच्या छिद्रातून काँक्रीट भरतात, आणि आत हवेचे बुडबुडे राहू नयेत म्हणून साचा बाहेरून ठोकीत राहतात. व्यास तोच ठेवून वजन वाढवावयाचे असल्यास मिश्रणात पोलादाचे छर्रे घालण्याची तजवीज करतात. काँक्रीट दुसऱ्या दिवशी कठीण लागते, म्हणून पुष्कळजण ते लगेच वापरावयास घेतात. पण त्याला पुरेसे बळ येण्यास सुमारे चार आठवड्यांची मुदत द्यावी लागते. त्याआधी आपटलेला गोळा तडकतो.

उचलण्याच्या क्रियेचे तीन टप्पे आहेत, आणि त्यांपैकी पहिला सर्वांत कठीण. साधक गोळ्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून असा उभा राहतो की, गोळ्याचा गुरुत्वमध्य घोट्यांच्या रेषेत येईल. मग गुडघे किंचित वाकवून, कंबर उंच ठेवून तो खाली झुकतो, छातीचे हाड गोळ्याच्या माथ्यावर टेकवितो, आणि बोटे फाकून हात जितके खाली घालता येतील तितके घालतो. हात खाली का, याचा हिशेब साध्या यंत्रशास्त्राचा आहे. तळहात गोळ्याच्या मध्यरेषेवर असतील, तर गोळा केवळ घर्षणाने तोललेला असतो; घर्षणगुणक ०.५ धरला, तर १०० किलोंच्या गोळ्यासाठी प्रत्येक हाताने १०० किलो वजनाइतका दाब आतल्या बाजूस द्यावा लागेल. तेच हात मध्यरेषेच्या ३० अंश खाली गेले, की दाबाचाच काही भाग गोळ्याला वर रेटू लागतो, आणि आवश्यक दाब ५४ किलोंच्या आसपास उतरतो. श्रम जवळजवळ निम्मे झाले, आणि त्यासाठी हात केवळ थोडे अधिक खाली न्यावे लागले. नवशिक्या मात्र नेमक्या याच ठिकाणी घाई करतो. तो गोळ्याला मधोमध कवटाळून ओढू लागतो, आणि गोळा वर येण्याऐवजी हात वर येतात.

गोळा गुडघ्यांच्या वर आला की दुसरा टप्पा. साधक मांड्या जवळ आणून बसक्या स्थितीत जातो आणि गोळा मांडीवर घेतो. येथे क्षणभर विसावा आहे, आणि तो घ्यावा. पोटाशी दाबलेला गोळा श्वासपटलाला खाली सरकू देत नाही, म्हणून जमिनीवरून उचलण्यापूर्वी घेतलेला श्वास येथे सोडून नवा, लहान पण पक्का श्वास घ्यावा लागतो. मग हात गोळ्याखालून काढून त्याच्या वरच्या अंगावर नेतात आणि गोळा छातीशी आवळतात. तिसऱ्या टप्प्यात घोटे, गुडघे आणि कंबर ही तीनही एकाच झटक्यात सरळ होतात, आणि गोळा पोटावरून छातीवर गडगडत वर चढतो. येथे हातांनी उचलावयाचे काहीच नसते. हातांनी केवळ गोळा देहापासून दूर जाऊ द्यावयाचा नाही, उचलतात ते नितंब आणि मांड्या. आपला मल्ल प्रतिपक्ष्याला कमरेला विळखा घालून उखडतो तेव्हा जे करतो, त्याच्याशी हे फार जवळचे आहे, आणि म्हणूनच कुस्ती खेळलेला माणूस हा टप्पा लवकर शिकतो, असे मला वाटते.

व्यायामशाळेत वजन उचलताना पाठ सरळ ठेवावी, हा नियम प्रत्येक शिक्षक पहिल्या दिवशी सांगतो, आणि तो योग्यच आहे. गोळ्याच्या बाबतीत तो शब्दशः पाळणे अशक्य आहे. जमिनीवरच्या वाटोळ्या दगडाला सरळ पाठीने मिठी मारता येत नाही. यावरून पुष्कळजण असा निष्कर्ष काढतात की, येथे पाठीचे नियम रद्द झाले. हा निष्कर्ष घातक आहे. गोलाई पाठीच्या वरच्या भागात, खांद्यांच्या फऱ्यांच्या आसपास अधिकाधिक असावी आणि कमरेच्या मणक्यांत कमीत कमी. आणि जी गोलाई गोळ्याचा भार घेण्यापूर्वी धरली, ती मांडीपर्यंत पोचेतो बदलू नये. भाराखाली कणा वाकत जाणे, सरळ होणे, पुन्हा वाकणे, या हालचालींनी मणक्यांमधील कूर्चांवर विषम ताण येतो. वाकलेला पण स्थिर कणा आणि भाराखाली हलणारा कणा यांतील भेद ज्याला अनुभवाने कळलेला नाही, त्याने जड गोळ्याला हात लावू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. ज्याला रक्तदाबाची तक्रार आहे त्यानेही वैद्याचा सल्ला घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, कारण श्वास रोखून केलेल्या अशा प्रयत्नात रक्तदाब क्षणात पुष्कळ चढतो.

दुसरा धोका दंडाचा. तळहात वर वळलेले, हात पसरलेले, अशा स्थितीत कोपर वाकवून गोळा खेचण्याचा मोह होतो, आणि त्या ओढीने दंडाच्या पुढच्या स्नायूची कोपराजवळील कंडरा तुटू शकते. ती तुटली म्हणजे बहुधा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते आणि महिनेच्या महिने फुकट जातात. बाहू दोरखंडाप्रमाणे ताठ लांब ठेवावेत, वाकवून ओढू नयेत. ही खबरदारी हलक्या गोळ्यावर अंगवळणी पाडून घ्यावी लागते, कारण जड गोळ्यापुढे उभे असताना विचार करण्यास अवसर नसतो.

स्पर्धक हातांना व बाहूंना जो चिकट लेप लावतात, त्याला टॅकी म्हणतात. तो मुख्यतः चीडाच्या राळेपासून केलेला असून, त्याच्या योगे घर्षण इतके वाढते की, एरवी सुटणारा गोळा हाताला धरून राहतो. थंडीत तो आखडतो आणि उन्हाळ्यात पातळ होतो, म्हणून ऋतुमानाप्रमाणे मऊ किंवा कठीण जात निवडावी लागते. काही हौशी स्पर्धांत त्याला मुभा नसते. माझा आग्रह असा की, पहिले काही महिने तो मुळीच वापरू नये. लेपाने हातांची चूक झाकली जाते आणि साधकाला आपले हात किती वर राहिले आहेत हे कळतच नाही. बाहूंची त्वचा खरचटते, तिच्यासाठी जाड कापडाच्या बाह्या घालाव्यात. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शिक्षणाचा क्रम मी असा ठेवीन. प्रारंभी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतका गोळा किंवा तो न मिळाल्यास वाळू भरलेले मजबूत पोते घ्यावे. पोते गोळ्याची जागा पूर्णपणे घेत नाही, कारण ते बोटांना दबते आणि पकड देते; परंतु मांडीवर घेणे, श्वास बदलणे आणि कमरेच्या झटक्याने वर चढविणे ही तीनही कामे ते उत्तम शिकविते, आणि पायावर पडले तरी हाड मोडण्याची भीती कमी. बऱ्याच साधकांचा अडथळा जमिनीपासून मांडीपर्यंतच असतो, तेव्हा काही आठवडे गोळा केवळ मांडीवर घेऊन खाली ठेवण्याचा सराव करावा. ज्यांना वरचा टप्पा जमत नाही, त्यांनी गोळा एखाद्या बुटक्या ओट्यावरूनच उचलण्यास आरंभ करावा. गोळ्याचा सराव आठवड्यातून एकदा पुरे; त्याने पाठीवर येणारा ताण डेडलिफ्टपेक्षा, म्हणजे जमिनीवरून बारबेल उचलण्यापेक्षा, अधिक काळ रेंगाळतो. उरलेल्या दिवशी डेडलिफ्ट, बारबेल छातीपुढे धरून स्क्वॉट, कोपरांच्या खोबणीत दांडा धरून स्क्वॉट, आणि पाठीच्या वरच्या भागासाठी वाकून वजन ओढण्याचे प्रकार करावेत. यांतील कोपरांच्या खोबणीतील स्क्वॉट अनेकांना नकोसा वाटतो, कारण दांडा टोचतो. पण वजन देहापुढे कवटाळून उठण्याचे जे बळ हवे, ते याच्याइतके दुसऱ्या कशाने येत नाही. जमिनीवर जाड रबरी चटई घालावी, आणि गोळा निसटू लागला म्हणजे तो धरून ठेवण्याचा हट्ट न करता पाय मागे घेऊन सोडून द्यावा.

हौशी स्पर्धेत बहुधा दोहोंपैकी एक रीत असते: चढत्या वजनाचे अनेक गोळे ओळीने ओट्यांवर चढविणे, किंवा एकच गोळा ६० सेकंदांत दांड्यावरून जितक्या वेळा टाकता येईल तितक्या वेळा टाकणे. वजने गटवार ठरलेली असतात. स्त्रियांचे व नवोदितांचे गट स्वतंत्र असतात. पहिल्या रीतीत सुरुवातीच्या हलक्या गोळ्यांवर वेग दाखविण्याच्या भरात श्वास गमावणारे स्पर्धक चौथ्या-पाचव्या गोळ्याशी थांबतात. दुसऱ्या रीतीत गोळा पलीकडे पडल्यावर सहाय्यकांनी तो परत लोटीपर्यंतचे काही क्षण कोणी हात झटकण्यात घालवितो, कोणी दोन पूर्ण श्वास घेतो, आणि शेवटच्या दहा सेकंदांत त्या दोघांतला फरक उघड होतो. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात जड गोळा उचलू नये; नियमपत्रक मात्र पुन्हा वाचावे, ओट्याची उंची, दांड्याची उंची आणि लेपाची परवानगी यांची खात्री करून घ्यावी, आणि सरावात त्याच उंचीवर अखेरचे काही दिवस घालविलेले असावेत, कारण दहा सेंटिमीटरांचा फरकही तिसऱ्या टप्प्याची सगळी लय बदलून टाकतो. हातावरचा लेप साबण-पाण्याने निघत नाही. आधी खाण्याचे तेल चोळून तो विरघळवावा, कापडाने पुसावा, आणि मग साबण लावावा.